व्हिलनची कुळकथा

लोणावळ्याच्या रस्त्यावर बिल्डरांच्या पाट्या ‘व्हिला’ विकतात आणि चित्रपटात शेवटी मार खायला ‘व्हिलन’ लागतो. हे दोन्ही शब्द एकाच घरातले. लॅटिनमध्ये ‘विला’ म्हणजे शेतीवाडीसकटचा वाडा, सगळा जमीनजुमला, आणि त्या जमिनीवर राबणारा तो ‘विलानुस’. फ्रेंचांच्या तोंडून हा शब्द इंग्लंडात पोचला तेव्हा त्याचा अर्थ साधा होता: धन्याच्या जमिनीवर राहून ती कसणारा गावकरी. पुढे वाड्याला कोटींचा भाव आला आणि गावकऱ्याचा बदमाश झाला.

‘काळाच्या ओघात शब्दांचे अर्थ बदलतात’ हे वाक्य अशा वेळी हटकून ऐकू येते. मला ते पटत नाही. ओघ म्हटला की कोणाला जाब विचारता येत नाही. ‘व्हिलन’च्या बाबतीत मात्र हात कोणाचा होता हे बऱ्यापैकी दाखवता येते. ते दाखवण्याची गरज मला एवढ्यासाठी वाटते की असाच एक शब्द मराठीत रोज सकाळी छापून येतो. त्याच्याकडे शेवटी येऊ.

फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ साली इंग्लंड जिंकले आणि वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, जिंकलेल्या मुलखाची मोजदाद करवली. ‘डूम्सडे बुक’ या नावाने ते दप्तर आजही जपून ठेवलेले आहे. कोणाकडे किती जमीन, किती नांगर, ओढ्यावर किती पाणचक्क्या, असा सगळा हिशेब त्यात आहे. नोंदलेल्या माणसांत सर्वांत मोठा गट ‘विलानी’चा, पाचांत सुमारे दोन इतका. कारकुनाने त्यांच्याबद्दल बरेवाईट काही म्हटलेले नाही. त्यांच्यातल्या अनेकांना नांगराच्या बैलांत वाटा होता आणि पोटापुरती जमीन होती. ते गरीब होते, पण शिवी नव्हते.

पुढच्या दीडशे वर्षांत कायद्याने त्यांना आवळले. राजाची न्यायालये ‘मुक्त माणसा’साठी खुली झाली आणि मग मुक्त कोण नाही, हे ठरवणे भाग पडले. या शोधात व्हिलनची व्याख्या तयार झाली. त्याला मुलीचे लग्न लावायचे तर धन्याला पैसे मोजावे लागत. तो मेला की गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर धनी नेई. आठवड्यातले ठरावीक दिवस धन्याच्या शेतावर वेठ, सुगीत आणखी वेगळी वेठ. धन्याविरुद्ध राजाकडे दाद मागायची सोय नाही. तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायदेग्रंथात म्हटले आहे की उद्या सकाळी कोणते काम करावे लागेल हे व्हिलनला आज संध्याकाळी माहीत नसते. १२१५ च्या मॅग्ना कार्टाचे, म्हणजे राजाकडून मिळवलेल्या हक्कांच्या सनदेचे, गोडवे आपण शाळेपासून ऐकतो. त्यातले सर्वांत गाजलेले कलम, कायदेशीर निवाड्याशिवाय कोणालाही कैद करता येणार नाही हे, ‘मुक्त माणसा’पुरते आहे. इंग्लंडातले कितीतरी शेतकरी त्या वाक्याच्या बाहेर उभे होते.

कायद्याने माणूस खाली ढकलला, पण शब्दात घाण साचायला आणखी काही लागते. इथे फ्रेंच दरबार आला. नॉर्मन विजयानंतर इंग्लंडचे सरदार दोन-तीन शतके फ्रेंच बोलत आणि फ्रेंच कथाकाव्ये ऐकत. त्या काव्यांत जग दोन भागांत वाटलेले असे. एकीकडे दरबारात वाढलेला, म्हणून सभ्य, आणि दुसरीकडे ‘विलेन’, म्हणजे शेणामातीत वाढलेला, म्हणून कुरूप, मूर्ख, लोचट. भरीला फ्रेंचमध्ये ‘विल’ म्हणजे स्वस्त, हलका, असा एक निराळाच शब्द होता. नाते काही नाही, नुसता कानाला सारखा. पण ज्यांना नाते हवेच होते त्यांना तेवढे पुरले. एक जुनी फ्रेंच म्हण सांगते: विलेनला तेल चोळा, तो तुम्हाला टोचेल, त्याला टोचा, तो तुम्हाला तेल चोळेल. ही म्हण शेतकऱ्याने रचलेली असेल असे मला वाटत नाही.

१३४८-४९ च्या प्लेगने इंग्लंडातली तिसरा हिस्सा माणसे तरी नेलीच. मजूर कमी पडू लागले, उरलेल्यांना चांगली मजुरी मागता येऊ लागली, तर १३५१ मध्ये संसदेने मजुरी जुन्या दरावर गोठवणारा कायदा केला. त्यावर पंधरा वर्षांवरील प्रत्येकामागे बारा पेन्सचा डोईपट्टी कर आला आणि १३८१ च्या उन्हाळ्यात केंट आणि एसेक्सची खेडी पेटली. वॉट टायलर पुढारी, जॉन बॉल नावाचा बंडखोर पाद्री त्यांचा प्रवचनकार. त्यांनी जाळले काय, हे पाहण्यासारखे आहे. धनिकांचे वाडे जळले हे खरे, पण गावोगावी आधी होळी झाली ती जमीनदारांच्या दप्तरांची. कोण कोणाचा व्हिलन, कोणाचा बाप कोणाचा व्हिलन होता, हे ज्या कातडी गुंडाळ्यांवर लिहिले होते त्या जाळल्या. आपले नाव कोणत्या कागदामुळे आपल्याला चिकटले आहे हे त्या निरक्षर माणसांना पक्के ठाऊक होते.

लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्सचा मोठा मठ होता. आजूबाजूच्या जमिनी मठाच्या आणि दळणही मठाच्या चक्कीवरच दळायचे, त्याचा मोबदला देऊन. घरी जाते ठेवायला बंदी. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या मठाधिपतीने लोकांच्या घरातली जाती जप्त केली आणि त्यांच्या तळ्या आपल्या बैठकीच्या खोलीत फरशीसारख्या बसवून टाकल्या. हा मठाधिपती, वॉलिंगफर्डचा रिचर्ड, खगोलशास्त्री म्हणून नावाजलेला. ग्रहगती दाखवणारे अद्भुत घड्याळ त्याने बनवले. विज्ञानाच्या इतिहासात त्याला मानाचे पान आहे आणि ते योग्यच आहे. पण गावातल्या बायकांच्या लेखी तो जाती पळवणारा महंत होता. १३८१ मध्ये लोक त्या खोलीत घुसले, फरशी उखडली, दगड फोडले आणि चर्चमध्ये प्रसादाचा पाव वाटतात तसे त्याचे तुकडे एकमेकांना वाटले.

ही हकीकत आपल्याला सांगतो टॉमस वॉल्सिंगहॅम, आणि तो याच मठातला साधू होता. म्हणजे ज्यांची फरशी उखडली त्यांच्यातला. बंडाचे सविस्तर वर्णन करणारे इतर लेखकही बहुतेक मठ, चर्च किंवा दरबाराच्या आसऱ्याचे होते. शेतकऱ्यांच्या बाजूचे म्हणावे असे फार थोडे उरले आहे. जॉन बॉलच्या नावावरची काही छोटी पत्रे आहेत, तीसुद्धा विरोधकांनी पुरावा म्हणून उतरवून ठेवली म्हणून. व्हिलनने स्वतःबद्दल काय म्हटले असते, हे इंग्रजी भाषेला कधी ऐकावेच लागले नाही.

चौदा वर्षांच्या रिचर्ड राजाने १४ जूनला माइल एंडच्या मैदानात वेठ संपवल्याच्या सनदा देऊ केल्या. दुसऱ्या दिवशी स्मिथफील्डला बोलणी चालू असताना टायलर मारला गेला. जुलै उजाडताच सनदा रद्द झाल्या. एसेक्सचे लोक वचनाची आठवण द्यायला गेले तेव्हा राजाने त्यांना सुनावले, असे वॉल्सिंगहॅम लिहितो: खेडवळ होतात, खेडवळच आहात, वेठीतच राहाल, आणि तीही पूर्वीपेक्षा वाईट. जॉन बॉलला जुलैच्या मध्यावर सेंट ऑल्बन्समध्येच फाशी दिले.

आता गंमत पाहा. राजाचे वाक्य खोटे ठरले. कोणी कायदा केला नाही, कोणी घोषणा केली नाही, पण पुढच्या दीडशे-दोनशे वर्षांत वेठ आपोआप विरत गेली. मजूर मिळेना, तेव्हा धन्याला वेठीऐवजी रोख खंड घेणे सोयीचे वाटू लागले. व्हिलनकीतली जमीन दप्तरातल्या उताऱ्याच्या नकलेवर कसली जाऊ लागली. ही पद्धत इतकी चिवट की ती अधिकृतपणे संपायला १९२६ साल उजाडले. माणसे मात्र सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत जवळजवळ सगळी मोकळी झाली होती. आणि नेमक्या याच काळात शब्द अधिकाधिक घाणेरडा होत गेला. शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’च्या पहिल्याच प्रवेशात थोरला भाऊ धाकट्याला व्हिलन म्हणतो आणि धाकटा उत्तर देतो की मी व्हिलन नाही, मी सर रोलँडचा मुलगा आहे. थोरल्याने ‘हरामखोर’ म्हटले, धाकट्याने ‘हलक्या कुळाचा’ असे ऐकल्याचे दाखवले. प्रेक्षकांना दोन्ही अर्थ कळत होते म्हणून विनोद चालला. नंतर इंग्रजीने स्पेलिंगातही फारकत केली. एका अक्षराच्या फरकाने इतिहासातले कूळ वेगळे आणि बदमाश वेगळा. देवनागरीत तो फरक दाखवता येत नाही, याचे मला वाईट वाटत नाही.

‘आधी परिस्थिती सुधारा, शब्द आपोआप सुधारतील’ असे आपल्याकडे पुष्कळ समंजस माणसे म्हणतात. व्हिलनची हकीकत त्याच्या नेमकी उलट साक्ष देते. माणूस सुटला, शब्द सुटला नाही. शिवाय मोकळा झालेला माणूस स्वतःला व्हिलन म्हणवेना, त्यामुळे शब्दाच्या बाजूने बोलणारे कोणी राहिले नाही आणि तो पूर्णपणे शिव्या देणाऱ्यांच्या मालकीचा झाला.

अर्थाची ही घसरण अटळ होती का? इंग्रजीतच याचे उत्तर सापडते. जुन्या इंग्रजीत ‘क्निख्ट’ आणि ‘क्नाफा’ असे दोन शब्द होते, दोन्हींचा अर्थ पोऱ्या, हाताखालचा गडी. पहिला गडी धन्याबरोबर घोड्यावर बसून लढाईला गेला, त्याचा ‘नाइट’ झाला. आज त्याच्या नावामागे ‘सर’ लागते. दुसरा घरी भांडी घासत राहिला, त्याचा ‘नेव्ह’ म्हणजे लुच्चा झाला. पत्त्यांतल्या ज्या पानाला इंग्रज पूर्वी नेव्ह म्हणत त्याला आपण गुलाम म्हणतो. मराठी पत्तेवाल्यांनी बिचाऱ्याची नोकरी लक्षात ठेवली, चारित्र्यावर शेरा मारला नाही.

‘चेओर्ल’चे उदाहरण याहून बोलके आहे. हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, नॉर्मनांच्या आधीचा. चेओर्ल म्हणजे सामान्य शेतकरी, पण मुक्त. वेसेक्स या जुन्या इंग्रजी राज्याच्या कायद्यात त्याच्या जिवाची भरपाई २०० शिलिंग ठरलेली होती, सरदाराची १२००. सहापट फरक, तरी त्याला किंमत होती, कायद्यात जागा होती. नॉर्मनांच्या अमलात तो व्हिलनांच्या रांगेत लोटला गेला आणि आधुनिक इंग्रजीत ‘चर्ल’ म्हणजे उद्धट, आडदांड माणूस. आता इंग्लिश खाडी ओलांडा. जर्मनीत याच शब्दाचे भावंड ‘केर्ल’ म्हणजे नुसता गडी, बाप्या. दुसरे भावंड ‘कार्ल’ हे नाव झाले, ते नाव लावणारा एक माणूस सम्राट शार्लमेन झाला आणि त्याच्या दबदब्यामुळे पोलिश, चेक वगैरे स्लाव्ह भाषांत त्याच्या नावावरूनच राजाला शब्द मिळाला. एकाच मुळाचा एकीकडे गावगुंड आणि दुसरीकडे राजा. ब्रिटनच्या गादीवर आज बसलेले चार्ल्सही याच मुळाचे, पण त्यांना चर्ल म्हणायची कोणाची छाती नाही. अक्षरांमध्ये चांगले-वाईट काही नव्हते. शब्द कोणाच्या हाती पडला, एवढाच प्रश्न होता.

सी. एस. लुइस या अभ्यासकाने दर्जाचे शब्द नीतीचे शब्द कसे होतात याची चर्चा १९६० मध्ये केली. ‘नोबल’, ‘जेंटल’, ‘जेनरस’ हे मूळचे थोर कुळाचे वाचक, आज सद्गुण आहेत. ‘व्हिलन’, ‘चर्ल’ खाली गेले. संपत्ती, घराणे, जमीन यांचा उतारा परस्पर चारित्र्याचा दाखला झाला. मराठीला यात हसण्यासारखे काही नाही. ‘खानदानी’ आपण कौतुकाने म्हणतो. ‘गावठी’ हा शब्द कोंबडीला लावला तर किंमत वाढते आणि माणसाला लावला तर उतरते.

व्हिलनच्या खात्यावर एक पुण्यही जमा आहे, ते सांगायला हवे. १७७१ च्या अखेरीस जेम्स सॉमरसेट या गुलामाला मालकाने लंडनच्या बंदरातल्या जहाजावर साखळ्यांत जखडून ठेवले होते, जमैकाला नेऊन विकण्यासाठी. त्याच्या बाजूने फ्रान्सिस हारग्रेव्ह या तरुण वकिलाने असा युक्तिवाद केला की इंग्लिश कायद्याला माणसाच्या मालकीचा एकच प्रकार माहीत आहे, व्हिलनकी. ती पिढ्यानपिढ्या चालत आलेली असावी लागते, नव्याने निर्माण करता येत नाही, आणि ती तर केव्हाच संपली. म्हणजे नवी गुलामगिरी इंग्लंडच्या कायद्यात बसूच शकत नाही. १७७२ मध्ये न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डने सॉमरसेटला सोडले. मेलेल्या व्हिलनने जिवंत गुलामाची सुटका करण्यात हात दिला, असे म्हणता येईल.

एकोणिसाव्या शतकात ‘व्हिलन’ रंगभूमीवरचा पात्रप्रकार झाला आणि विसाव्यात चित्रपटाबरोबर आपल्याकडे आला. इथे त्याच्या नशिबाने जी कोलांटी मारली ती मला फार आवडते. १९५७ च्या ‘मदर इंडिया’त कन्हैयालाल यांचा सुखीलाला व्हिलन आहे, तो सावकार. निळू फुले यांनी मराठी पडद्यावर रंगवलेले व्हिलन आठवा: पाटील, सरपंच, कारखान्याचा चेअरमन. ज्या शब्दाने एकेकाळी वेठीवरचा शेतकरी दाखवला जाई तो आपल्या चित्रपटांनी नकळत वाड्यावरच्या धन्याच्या गळ्यात घातला. फिर्यादी आणि आरोपी यांची अदलाबदल झाली. जॉन बॉलला हा शेवट आवडला असता.

म्हणून कोणी ‘व्हिलन हा शब्द शेतकरीविरोधी आहे, तो वापरू नका’ अशी मोहीम काढली तर मी त्यात सही करणार नाही. तो शब्द ऐकून ज्याला लागावे असा व्हिलन आज जगात उरलेला नाही. व्युत्पत्ती हा पुरावा आहे, गुन्हा नाही. माझी कसोटी साधी आहे: ज्याचे नाव आपण शिवी म्हणून वापरतो, तो माणूस जिवंत आहे का?

‘भामटा’ जिवंत आहे. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘भामटा’ आणि ‘राजपूत भामटा’ या नोंदी आहेत. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे १९११ मध्ये तो देशभर लागू करण्याची सोय केली, आणि जन्मालाच गुन्हा मानून अनेक जमातींना हजेरी, तारेचे कुंपण आणि पोलिसांचा पहारा लावला. हा कायदा करणाऱ्यांच्या स्वतःच्या देशातली जन्मजात वेठ तोवर इतिहासजमा झालेली होती. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये कायदा रद्द केला आणि या जमातींना ‘विमुक्त’ म्हटले. म्हणजे माणूस कायद्यातून सुटला. शब्द? कोणतेही मराठी वर्तमानपत्र उघडा. भामट्याने वृद्धेची पोत लांबवली, ऑनलाइन भामट्यांनी लाखोंचा गंडा घातला.

जमातीवरून शब्द आला की शब्दावरून जमातीला नाव पडले, यावर हवा तेवढा वाद घालता येईल. माझा मुद्दा त्यावर अवलंबून नाही. ज्या मुलीच्या जातीच्या दाखल्यावर हे नाव आहे तिने तो दाखला कॉलेजच्या खिडकीत सरकवला की खिडकीपलीकडच्या माणसाने सकाळीच तो शब्द पेपरात वाचलेला असतो, चोर या अर्थाने.

‘कोणाच्या मनात जात नसते हो’ हे उत्तर ठरलेले आहे, आणि ते बहुतांशी खरेही असेल. सोळाव्या शतकातल्या इंग्रजाच्याही मनात शेतकरी नसेल. मनात नसताना शिवी चालू राहते, यातच तिचे खरे बळ आहे. दुसरे उत्तर असे येते की मग त्या लोकांनीच नाव बदलून घ्यावे. ‘राजपूत भामटा’मधून ‘भामटा’ काढण्याची मागणी झालीच होती, आणि विमुक्तांच्या संघटनांनीच तिला विरोध केला. शब्द गेला तर सवलतींत इतर राजपूत घुसतील, ही त्यांची भीती. ती रास्त आहे. म्हणजे ज्यांचे नाव आहे त्यांना ते टाकता येत नाही, कारण हक्क त्याला बांधलेला आहे. टाकता येते ते फक्त बाकीच्यांना, आणि त्यांचे काहीच अडत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्या सरकार बदलू शकते. बातमीतला शब्द बदलायला ना मंत्रिमंडळ लागते ना कायदा, आणि शब्दांवर बंदी घालणारा कायदा मला नकोच आहे. वृत्तसंपादकाने रात्रपाळीला एक सूचना लावली तरी पुरे. पोलिस असल्याची बतावणी करणाऱ्याला ‘तोतया’ हा नेमका शब्द आहे. फसवणाऱ्याला लबाड म्हणा, लुटणाऱ्याला लुटारू म्हणा. मथळ्यात जागा नसते ही सबबही इथे चालणार नाही. ‘भामटा’ तीन अक्षरांचा आहे, ‘चोर’ दोनच.